काळूचा वाटा

आखातातल्या मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात शुक्रवारी मटणाचा वास सुटला, तसा शेजारच्या खाटेवरचा सुरेश म्हणाला, "गावाला रानडुकराचं मटण म्हणजे फुकटच की रे!"

मला आमची कोकणातली पडवी आठवली. बाबा शिकारीवरून आले, तेव्हा त्यांच्या हातात पानांत बांधलेले दोन वाटे होते. एक आमचा आणि एक आमच्या कुत्र्याचा, काळूचा. रान उठवणाऱ्या कुत्र्यालाही वाटा द्यायची गावाची रीत. आई काळूचा वाडगा घेऊन बाहेर आली.

"काळू कुठाय?"

"डुकरानं सुळा मारला. गेला तो."

रात्री मी चाटूनपुसून जेवलो. बाबा मात्र न जेवता त्या रिकाम्या वाडग्याशेजारी बसून राहिले. तेव्हा मला वाटलं, दमले असतील.