दार लावून घ्या

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. लावलंच, तर आत भांडण आहे किंवा कुणाची तरी तब्येत बिघडली आहे, असं लोक धरून चालतात. मग कुणीतरी कडी वाजवतंच. लहानपणी मला या चौकश्यांचा भयंकर राग यायचा.

मागच्या गिरणीच्या जागेवर टॉवर उठायला लागला आणि हे बदललं. टॉवरच्या रस्त्याकडच्या बाजूला हिरवी जाळी, पाण्याचे फवारे, कुंड्या, सगळं आहे. फ्लॅट बघायला येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात ना! आमच्या बाजूला उघडा सांगाडा आणि दिवसभर दगड कापायचं मशीन. सकाळी पुसलेल्या ताटावर दुपारी बोटाने नाव लिहावं, इतकी धूळ. आईला दमा आधीपासूनच होता. आता तिला जिन्यापर्यंतही जाववेना.

मी साइटवरच्या ऑफिसात गेलो. तिथला इंजिनिअर वयाने लहान, बोलायला गोड. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, तुमच्या साइडच्या जाळीचं बघतो मी. तोपर्यंत दारं-खिडक्या लावून घ्या ना, प्लीज."

माझं डोकंच सणकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तरी घरी येऊन दार मी लावलंच, दुसरं करणार काय? आई म्हणाली, "माका घुसमाटता रे." पण ऐकलं तिने. हळूहळू अख्ख्या मजल्याने दारं लावली, आणि बंद दाराची कुणाला काळजी वाटेनाशी झाली.

एका दुपारी मी कामावर असताना आईला धाप लागली. दम्याचा पंप फडताळावर होता आणि तिला उठवेना. हाक मारायला श्वास नव्हता, म्हणून ती हातातला तांब्या लादीवर आपटत राहिली. मशीनच्या आवाजात ते आपटणं कुणाला ऐकू जाणार? मजूर चहाला थांबले, मशीन बंद झालं, तेव्हा कुठे शेजारच्या काकूंना ठक ठक ऐकू आली. त्यांनी माणसं बोलावून कडी तोडली. एरवी येता-जाता कुणाला तरी ती दिसली असती. हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आई वाचली. डॉक्टरांनी बजावलं, "यांना इथून हलवा, धूळ नसेल तिथे." मी लगेच बदलापूरला भाड्याची खोली बघून आलो आणि आईला सांगितलं, "पुढच्या आठवड्यात जाऊया."

तिने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माका न्हेशीत रे. नि ह्या अख्ख्या मजल्याक खंय न्हेतलस?"

मागे मशीन चालूच होतं. आई भिंतीला धरून उठली, दार सताड उघडलं आणि पंप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली.