पहिलं ‘पुरे’

माझ्या पोटाचं दुखणं कुणालाच सापडेना, तेव्हा गोंदियातल्या एका डॉक्टरांनी ठरवलं की पोट ताणलं की मेंदू काय म्हणतो, तेच मोजून बघू. नाकातून नळी घालून पोटात फुगा सोडला आणि डोक्यावर वायरींची टोपी चढवली. हवा भरायला देवरीकडचा टेक्निशियन होता. “सहन होईनासं झालं की ‘पुरे’ म्हणा,” असं सांगून डॉक्टर काचेपलीकडे स्क्रीनसमोर बसले.

फुगा फुगला तसं मी पुरे म्हटलं. त्याने आणखी हवा सोडली. मी मोठ्याने पुरे म्हटलं, तरी त्याने थोडी सोडलीच. शेवटी मी त्याचा हात धरला, तेव्हा तो थांबला.

डॉक्टर धावत आले. “अहो, ते पुरे म्हणत होते ना?”

तो शांतपणे म्हणाला, “पयल्या पुरेवर कोनी थांबते का जी?”

मला संताप आला होता, पण तो म्हणाला ते खोटं नव्हतं. आमच्या कामठा गावात पंगतीत ताटावर आडवं पडल्याशिवाय बुंदीवाला पुढे सरकत नाही. सरकलाच, तर त्या घराची वर्षभर बदनामी होते.

रिपोर्ट देताना डॉक्टर म्हणाले, “पोट ठीक आहे. मेंदूही ठीक आहे, त्याला तुमच्या पहिल्या पुरेच्या आधीच कळलं होतं.”

असे दोन्ही अवयव शाबूत घेऊन मी घरी जेवायला बसलो. बायकोने भात वाढला. मी पुरे म्हटलं.

“काऊन, आवडला नाही का?”

मी ताट पुढे केलं.