उसवलेल्या मोहऱ्या

"आता तिला दिसत नाही गं. काम बघ ना कसं झालंय," काकू जिन्यावर शेजारणीला हळूच सांगत होत्या. मी पुस्तक धरून दाराआड उभी होते. ती म्हणजे माझी आई.

बाबांची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हापासून आई हे काम करत होती. उल्हासनगरच्या कारखान्यातून शिवलेल्या जीन्स टेम्पोने कात्रपला आमच्या बिल्डिंगखाली यायच्या. तळमजल्यावरच्या काकू त्यांचे गठ्ठे घरोघर वाटायच्या. बायकांनी लोंबणारे धागे कापून पॅन्ट साफ करायच्या. जेवण उरकलं की आई चटईवर बसायची, ती दिवे लागेपर्यंत. भात कालवतानाही तिची बोटं निळी दिसायची. अंगठ्याला काकूंनी दिलेल्या कटरचा खड्डा पडला होता. मी कॉलेजातून आले की तिचा ढीग ओलांडून आत जायचे. कॉलेजात मी दिवसातून दहादा थँक यू म्हणायचे. घरी तसलं काही म्हणायची पद्धत नव्हती, आणि मला ते सोयीचं होतं.

एकदा तिला ताप आला.

"राहू दे, तुझ्याने नाही व्हायचं," ती पडल्या पडल्या म्हणाली. तरी मी बसले. तासाभरात पाठ भरून आली. मग कापायचं सोडून मी न बघता धागे ओढायलाच लागले. पायाच्या मोहरीचा दोरा एका टोकाने ओढला की सगळी शिवण सरसर सुटत जाते, हे मला माहीत नव्हतं. लक्षात आलं तोवर अकरा पॅन्ट उसवल्या होत्या. आईने त्या जवळ ओढल्या. अंगात ताप असताना दोन दिवस बसून तिने त्या हाताने शिवल्या, मशीनसारखे बारीक टाके घालत. एकदा तापाच्या गुंगीत दोरा ओवता येईना, तेव्हाही तिने मला हाक मारली नाही.

काकूंनी पॅन्ट उलटी करताच हाताचे टाके ओळखले.

"हे काय हो वहिनी?"

"ओढला गेला दोरा. हल्ली नीट दिसत नाही," आई म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मग काकूंचं ते जिन्यावरचं बोलणं. मी बाहेर जाऊन सांगू शकले असते. गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून गठ्ठे शेजारणीकडे जायला लागले.

आई जेवणानंतर सवयीने चटई पसरायची, थोडी बसायची आणि परत गुंडाळून ठेवायची. बाबा म्हणाले, "बरं झालं, डोळ्यांना आराम."

महिन्याने काकू कटर परत न्यायला आल्या. आईने ते तेल लावून, फडक्यात बांधून ठेवलं होतं.

"डोळे दाखवून घ्या हो वहिनी."

"दाखवते," आई म्हणाली.

कटर काकूंच्या पिशवीत गेलं. आता सांगून काही परत येणार नव्हतं. त्या चपला घालायला वाकल्या.

"काकू, आईला नीट दिसतं. त्या पॅन्ट मी उसवल्या होत्या. आईने तापात बसून शिवल्या. सगळ्या."