तयारी करून राहिला

आमच्या नागपूरकडे चालू असलेलं काम सांगताना 'राहणे' लावतात. जेवून राहिलो, येऊन राहिली, पोरगं झोपून राहिलं. यात थांबणं कुठेच नाही. काम चालू आहे एवढंच सांगायचं असतं. पन्नाशी उलटेपर्यंत मला या बोलण्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ते दाखवलं पुण्याच्या एका पाहुण्यानं, आमच्याच हॉलमध्ये, चिवड्याची प्लेट हातात धरून.

माझ्या मुलासाठी स्थळ आलं होतं. मुलीचे आईवडील इथलेच, पण तिचे मामा पुण्याहून आलेले. दिवस एप्रिलचे. कूलर पूर्ण वेगात, त्यामुळे सगळे जरा ओरडूनच बोलत होते. मुलगा समोरच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात. तिशी ओलांडलेला. मामांनी विचारलं, "चिरंजीव काय करतात?"

मी नेहमीचंच उत्तर दिलं, कूलरमुळे फक्त नेहमीपेक्षा मोठ्यानं. "तयारी करून राहिला."

"अं?"

"तयारी! परीक्षेची! करून राहिला!"

मामा गोंधळले. थट्टा करायचा त्यांचा हेतू नसावा. "तयारी करून... राहिला? म्हणजे तयारी झाली, आणि मग राहिला? कुठे राहिला?"

मुलीची आई हसली. माझी बायको घाईघाईनं शुद्ध बोलायला लागली. "अहो नाही, आमच्याकडे असंच म्हणतात. तयारी सुरू आहे त्याची, असं."

मुलानं उठून कूलर बंद केला. एकदम शांत झालं.

"नाही, मामांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "घरीच राहिलो."

सगळे हसले, तोही हसला. चहा झाला. "कळवतो" म्हणून पाहुणे गेले. आमच्यात न कळवणं हेच कळवणं असतं, तसं त्यांनी कळवलं.

हसू ओसरल्यावर माझ्या डोक्यात जे राहिलं ते लिहायला मला बराच काळ लागला. 'तयारी करून राहिला' हे वाक्य मुलाचं नव्हतं. मीच त्याला दिलेलं होतं.

तो बी.कॉम. झाला तेव्हा त्याला काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. यात विशेष काही नाही. त्याच्या मित्राच्या काकांचं जवळच्या खापा गावी पंपांचं दुकान होतं. शेतातल्या विहिरींच्या मोटारी विकायच्या, बिघडल्या की उघडायच्या. मित्र म्हणाला म्हणून हाही जायला लागला. सकाळच्या बसनं जायचा, अंधार पडता पडता यायचा. हात कोपरापर्यंत काळे. जेवायला बसला की तिसरी पोळीही स्वतःहून घ्यायचा, आणि बोलायचा. एरवी न बोलणारा पोरगा. "आई, आज पाइपात बेंडूक निघाला. जिता! शेतकरी म्हणते, एवढ्याच्यापायी माहा गहू सुकला?" त्याची आई हसून हसून बेजार व्हायची. मी पेपर वाचत असायचो. मलाही हसू यायचं, पण मी ते दाखवत नसे. हे काही त्याचं काम नव्हे, चार दिवसांची मौज आहे, असं माझं मत होतं. कोणी ते मत विचारलं नव्हतं.

मग रामटेकला नात्यातलं एक लग्न निघालं. जेवणाच्या पंगतीच्या कडेला माझ्या मावसभावानं मला गाठलं. त्याचा मुलगा पुण्यात कंपनीत लागलेला. ते तो दोनदा सांगून चुकला होता.

"अन् तुहा पोरगा काय करून राहिला गा?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "तयारी करून राहिला."

"कायची?"

"मोठ्या परीक्षेची. पाहू."

"वा! म्हणजे साहेबच होईल म्हण ना मंग!"

मागून आवाज आला, "बाबा, मठ्ठा." मुलगा माझ्यासाठी ग्लास घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. ग्लास माझ्या हातात दिला आणि गेला. मठ्ठ्यात मीठ जास्त होतं, हे मला अजून आठवतं. त्या वेळी मी फक्त मिठाचा विचार केला.

सोमवारी तो खाप्याला गेला नाही. बायकोनं विचारलं, "काहून गा, आज दुकान बंद आहे?"

"नाही. तयारी करायची आहे."

मी तिथेच होतो, पेपरमागे. पान उलटलं.

मी त्याला जाऊ नको म्हटलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, आणि ते खरंही आहे. मी उलट पुस्तकं आणून दिली, अभ्यासिकेत जागा बघून दिली, पहाटे उठून चहा केला. बाप म्हणून जे जे करायचं ते केलं. फक्त त्याला दुकानातून उठवून एका वाक्यात नेऊन बसवलं, आणि त्या वाक्याला बाहेर पडायचं दारच नव्हतं. परीक्षा झाली की पुढची परीक्षा असते. नापास झालेला मुलगा नापास नसतो, तो तयारी करून राहिलेला असतो. हळूहळू त्याचं जेवताना बोलणं बंद झालं. पोळ्या दोनच.

आमच्या गल्लीत असे बरेच आहेत. संध्याकाळी पानठेल्यावर उभे दिसतात. बोलायला सभ्य, गाड्या पुसलेल्या. लोक म्हणतात, आजकालच्या पोरांना दिशा नाही, मोबाईल आहे. मीही म्हणायचो, इतर बापांच्या घोळक्यात, मान हलवत. पण त्याच घरांतल्या मुली कुठे कुठे पोचल्या. कोणी दवाखान्यात लागली, कोणी कपड्याच्या दुकानात, एकीनं शिवणाचं सुरू केलं आणि आता तिच्या हाताखाली बायका आहेत. मुलींना आम्ही काहीही करू दिलं. त्याचं कारण आमचा मोठेपणा नव्हे. मुलीनं काय केलं यावरून लग्नात कोणी आम्हाला जोखत नाही. मुलाच्या कामाचं नाव मात्र आम्हाला चारचौघांत घेता आलं पाहिजे. लहान काम करू द्यायचं नाही, मोठं मिळवून देता येत नाही, आणि वर विचारायचं, तुला दिशा का नाही?

आता त्याहून अवघड गोष्ट. मुलगा खचलेला दिसला की मी त्याला माझं उदाहरण द्यायचो. "माणसाले ध्येय पाहिजे. मी तुह्या वयाचा होतो तेव्हा ठरवलं होतं का नोकरी करीन तर सरकारीच." हे साफ खोटं होतं. मी काहीही ठरवलं नव्हतं. आम्ही तेव्हा कोराडीला राहत होतो. शहरात येणाऱ्या बसमध्ये वडिलांना एक जुना वर्गमित्र भेटला. तो म्हणाला, आमच्या ऑफिसात रोजंदारीवर एक जागा आहे, पोराला पाठव. बस स्टँडला पोचेपर्यंत माझं ठरून गेलं होतं. मी त्या बसमध्ये नव्हतोच. मी घरी झोपलो होतो.

पाहुणे गेले त्या संध्याकाळी मुलगा मागच्या बाजूला पाइप लावून कूलरमध्ये पाणी भरत होता. मी जाऊन बाजूला उभा राहिलो. पाणी भरायला वेळ लागतो, तेवढ्यात जमलं तर जमलं. बसची गोष्ट सांगितली. तो पाइप धरून ऐकत होता.

"म्हणजे तुम्ही काहीच ठरवलं नव्हतं?"

"मले कोणी विचारलंच नाही गा."

"मंग हे तेव्हा काहून नाही सांगितलं?"

मी रामटेकच्या लग्नाचा विषय काढला. मला वाटलं तो विसरला असेल. तो म्हणाला, "मठ्ठा आणला होता मी तुमच्यासाठी."

मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी खरं काय म्हणता आलं असतं?"

"पोरगा पंपाच्या दुकानात जाते, असं."

"म्हणा."

"आता?"

"हो. आता म्हणून पाहा."

मी म्हणालो. आवाज फुटला नाही नीट. वाळत घातलेल्या चादरीमागून शेजारच्या बाई डोकावल्या, "काय म्हणता भाऊजी?"

"काही नाही, वहिनी," मी म्हणालो. पुन्हा तेच.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. टाकी भरून पाणी खाली सांडत होतं. त्यानं नळ बंद केला. "एवढंच होतं, बाबा," म्हणाला, आणि आत गेला. आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला सोपं गेलं असतं.

परीक्षेला बसायची वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती. शेवटच्या परीक्षेचं पुस्तक त्यानं उघडलं नाही. काही दिवसांनी सकाळच्या बसनं खाप्याला गेला. संध्याकाळी आला तेव्हा मी आधी त्याचे हात पाहिले. स्वच्छ होते. जेवताना त्यानं आईला सांगितलं, काउंटरवर आता काकांचा दुसरा पुतण्या बसतो, जागा नाही. पण फिटरसोबत शेतात जायला माणूस पाहिजे. सोबतची पोरं विशीतली आहेत, मला काका म्हणतात.

"मंग?" बायको म्हणाली.

"उद्यापासून जाऊन राहिलो."

तो सुखी आहे का, मला सांगता येत नाही. विचारण्याचा अधिकार मी कधीच घालवला. पोळ्या तीन झाल्या, एवढं दिसतं. आणि खरं सांगायचं म्हणून सांगतो, मला अजून लाज वाटते. त्याच्या कामाची नव्हे म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. थोडी कामाचीही वाटते.

येत्या रविवारी नात्यात लग्न आहे. मावसभाऊ येणार. तो विचारणार, आणि मुलगा या वेळीही आसपासच असेल. सांगायचं वाक्य चार शब्दांचं आहे. घरात कोणी नसताना मी ते मोठ्यानं म्हणून बघतो.