जुवावरची सुपारी

मोगलाईत असताना आमचा परदेश बैलगाडीच्या चौथ्या मुक्कामाला लागायचा. आमचं गाव सेलूजवळचं. तिथून उत्तरेला जिंतूर आणि जिंतूरच्या पुढं निजामाची हद्द संपून इंग्रजी सुरू व्हायची. तिकडचं नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, तिथं गाठोडी सोडून दाखवावी लागत. त्या इंग्रजीत, मेहकरला, माझी थोरली बहीण दिली होती. तिला मी नऊ वर्षं पाहिलं नव्हतं.

संक्रांतीनंतर तिचं पत्र आलं. ताईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि दाजी लिहायचे. ते तिथल्या कचेरीत कारकून होते. उन्हाळ्यात त्यांनी आणखी दोन कारकुनांबरोबर चिखलदऱ्याला खोल्या घेतल्या होत्या. मोटर ठरवली होती आणि त्या मोटरीत आमच्यासाठी जागा राखली होती. अखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठव्या दिवशी मोटर निघणार, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही मेहकरला पोचायचं. थंड हवेच्या डोंगरावर तीन आठवडे. पत्राच्या शेवटी दाजींनी लिहिलं होतं की पावसाळा संपला की त्यांची बदली नर्मदेपलीकडे होणार आहे, तेव्हा भेट व्हायची तर याच उन्हाळ्यात.

पत्र मी आधी माझ्या धाकट्या जावेला वाचून दाखवलं. ती चार वर्षांपूर्वी घरात आली होती. सासूबाई वारल्यानंतर घर माझ्या हातात होतं, आणि बोलायला ती एकच होती. मग आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." मी त्याचा अर्थ हो असा घेतला, कारण नाही म्हणायचं असलं की ते लगेच म्हणत.

थोरल्या मुलाच्या शाळेला सुट्टी होती तीच लग्नसराई. ज्याला वैशाखात प्रवास करायचा त्याला दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात, एक पाणी आणि दुसरी गाडी. पाण्याचं मी कासाराला विचारलं. तो बांगड्या घेऊन जिंतूरपासून लोणारपर्यंत पायी फिरायचा. कोणत्या विहिरीला वैशाखात पाणी असतं, कोणती नुसती खोल आहे, कोणत्या गावचे लोक बैलाला पाणी पाजू देतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्याच्याकडून बांगड्या भरून घेता घेता मी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर पाच मुक्काम लिहून घेतले. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत झाडाखाली सोडायचं, कललं की पुन्हा जुंपायचं. दुसऱ्या मुक्कामावर झाड नव्हतं, पण देवळाचा ओटा होता. चौथ्या मुक्कामावर नाका, म्हणून नवं कापड सगळ्यात वर ठेवायचं, म्हणजे सगळं गाठोडं विसकटावं लागणार नाही. कडबा इथूनच न्यायचा, कारण उन्हाळ्यात वाटेवर तो मिळायची खात्री नसते. दशम्या दुधात पीठ भिजवून करायच्या, त्या पाच दिवस टिकतात.

पाण्याचं असं जमलं, पण गाडीचं अवघड होतं. आमच्याकडे एकच दमणी होती, म्हणजे माणसांनी बसायची हलकी, छपराची गाडी. सगळ्या गावात तशा तीनच. आमच्याकडे रीत अशी की लग्नाला दमणी मागायला येणारा तिच्या जुवावर हळद लावलेली सुपारी ठेवतो. सुपारी ठेवली की गाडी त्या लग्नाची झाली. मालकाला वाटलं तरी ती सुपारी उचलून परत देता येत नाही, तो त्या लग्नाचा अपशकुन. म्हणून शहाणा माणूस सुपारी ठेवायच्या आधीच हात जोडतो आणि म्हणतो, बाबा, दुसऱ्याची आधीच ठेवलीय.

आमच्या जुवावर कुणाची ठेवलेली नव्हती, आणि वैशाखात गावात अकरा लग्नं होती.

एका सकाळी आम्ही दोघी दळत होतो. मी म्हणाले, "कुनी सुपारी घिऊन आलं तर काय करायचं गं? सकाळ-सांज राखनीला तर बसता येत न्हाई."

जाऊ म्हणाली, "राखन कशाला? आपनच ठिवू की."

"आपलीच सुपारी आपल्याच गाडीवर?"

"माझ्या माहेरची म्हनून ठिवू. कुनी इचारलं तर सांगायचं, सोनपेठला भावाचं लगीन हाय."

"तुझ्या भावाचं लगीन ठरलंय कुटं?"

"न्हाई ठरलं, म्हनून तर! खरं लगीन आसतं तर गाडी द्यावी न्हाई का लागली आसती?" असं म्हणून ती इतकी हसली की जात्याचा खुंटा तिच्या हातून सुटला.

मला ती युक्ती आवडली. मी स्वतः हळद कालवली आणि तिनं सुपारी ठेवली. नंतर जो जो विचारायला आला त्याला मी तोंड वर करून सांगितलं, धाकटीच्या माहेरचं लग्न आहे, सोनपेठला जायचीय गाडी. शेजारची म्हातारी नातीच्या लग्नासाठी विचारायला आली होती. तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "आसू दे माय, आधी त्यांची सुपारी." तिची नात मानवतला उघड्या गाडीतून गेली, डोक्यावर चादर धरून.

मग मी दमणीकडे वळले. चाकांच्या लोखंडी धावा झिजल्या होत्या, त्या लोहाराकडून नव्या बसवून घेतल्या. आसाला वंगण दिलं. छपराचा तट्ट्या फाटला होता, तो बुरुडाकडून नवा विणून घेतला. बैल माझ्या माहेरचे होते, गुणी. त्यांना महिनाभर सरकी चारली. जाऊ सगळ्यात पुढं होती. छपराला लाल कापडाची झालर तिनं शिवली. बैलांना घुंगरमाळा हव्यात असं तिनंच काढलं. मी म्हणाले, माळा कशाला, मुलूख ओलांडायचाय, मिरवायचं नाही. तर म्हणाली, "आवं बाई, इंग्रजीत जायलाव तुमी. तिकडचे लोक म्हनतील मोगलाईत बैलाला घुंगरूसुदिक मिळना व्हय? आपल्या निजामाची लाज राखा की जरा!" मी हसले आणि सेलूच्या बाजारातून माळा आणवल्या.

अखितीला नऊ दिवस उरले असताना जावेचा चुलता सोनपेठहून अक्षता घेऊन आला. हातपाय धुतले, पाणी प्याला, आणि अंगणात जाऊन दमणीभोवती फिरला. चाकाला हात लावून पाहिला, झालर चाचपली.

"वा बाई, लय झकास केलाव दमनी. आमाला वाटलं जुनीच यायलीय."

"कुटं यायलीय?" मी विचारलं.

"सोनपेठला की. अखितीचं लगीन हाय पोराचं. आमची सुपारी कवाच ठिवलेली हाय म्हनं."

मी हसले. मला वाटलं, जावेनं आमचं गुपित माहेरीही सांगितलंय आणि म्हातारा गंमत करतोय. पण तो हसला नाही. त्यानं पटक्यातून अक्षता काढल्या आणि माझ्या पदरात घातल्या. वर म्हणाला, "तीन दिस आधी निघा मंजी झालं. नवरदेव ह्याच्यातच बसनार हाय."

आमचे हे ओसरीवर दोर वळत बसले होते. मी त्यांच्यासमोर अक्षता ठेवल्या.

"तुमाला ठावं व्हतं?"

"होळीच्या सुमाराला धाकट्या भावानं इचारलं. मी व्हय म्हनलो. लग्नाला न्हाई कसं म्हनायचं?"

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

त्यांनी पीळ ढिला पडू दिला नाही. म्हणाले, "सांगितलं आसतं तर तू नव्या धावा बसवल्या आसत्यास का?"

मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, रागीट, आळशी, खोटारडी. पण इतकं खरं उत्तर मला आयुष्यात पुन्हा कुणी दिलं नाही. होळीपासून ते मला वंगण देताना पाहत होते, वाटेवरच्या विहिरींची नावं ऐकत होते, वर एकदा म्हणालेही होते की तिसऱ्या मुक्कामाला कडबा जास्त धर.

जाऊ चुलीपुढं डाळ निवडत बसली होती. मान वर केली नाही.

"खरं लगीन व्हतं तर मला फशिवलंस कशाला?"

"मी कुटं फशिवलं? सुपारी माझ्या माहेरची, भाऊ माझा, लगीन बी त्याचंच. मी काय खोटं बोलले? आख्ख्या गावाला तर तुमीच सांगितलाव."

"ठरलं न्हाई म्हनली व्हतीस."

"तवा न्हवतंच ठरलं. पंधरा दिसांनी ठरलं."

"मंग पंधरा दिसांनी तुला तोंड न्हवतं?"

ती खडे काढून परत डाळीतच टाकत होती. मग म्हणाली, "भाऊ एकच हाय मला. त्याचं लगीन एकदाच व्हनार. तुमची बहीन काय, तिथंच हाय."

बहीण तिथंच राहणार नव्हती. पावसाळ्यानंतर ती नर्मदेपलीकडे जाणार होती, आणि हे जावेला घरात सगळ्यांच्या आधी माहीत होतं. पत्र मी तिलाच वाचून दाखवलं होतं, दाजींच्या शेवटच्या ओळीसकट.

मी अंगणात गेले. जुवावर सुपारी होती, हळद वाळून तिचे पोपडे निघत होते. उचलून फेकायला दोन बोटं पुरली असती. पण फेकून गावाला काय सांगणार? ही खोटी होती म्हणून? मग ज्या म्हातारीची नात चादरीखाली गेली तिनं काय म्हणायचं? मीच सांगितलेलं खोटं खरं निघालं होतं, आणि त्याला साक्षीला सगळं गाव होतं. मी हात मागं घेतला.

दुसरा मार्ग मी शोधला नाही असं नाही. सोनपेठहून दमणी परत येईपर्यंत मोटर निघून गेली असती. उरलेल्या दोन्ही दमण्यांवर सुपाऱ्या होत्या. बिनछपराच्या गाडीतून माझ्या चार वर्षांच्या मुलीला वैशाखात पाच दिवस नेणं म्हणजे तिला मारणं. रेल्वेनं सेलूहून मनमाड आणि तिथून मोठा वळसा घालून जाता येत होतं, पण गाड्या बदलायच्या, बरोबर पुरुष माणूस हवा, आणि आमच्या घरचे दोन्ही पुरुष सोनपेठच्या लग्नाला जाणार होते.

ठरल्या दिवशी दमणी निघाली. लग्नाला गाडी निघताना घरच्या थोरल्या सवाष्णीनं चाकांवर पाणी घालायचं असतं आणि बैलांना हळदकुंकू लावायचं असतं. ते मी केलं. वाटेसाठी दशम्या मागितल्या, त्याही दिल्या. पीठ तयारच होतं. माझी दोन्ही मुलं आधीच छपराखाली जाऊन बसली होती. त्यांना दमणीत बसायचं होतं, ती उत्तरेला जाते की दक्षिणेला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. जाऊ चढताना म्हणाली, "बाई, तुमी बी चला की. मी काय परकी हाय का?"

"परकी आसतीस तर गाडी मिळाली नसती तुला," मी म्हणाले. "जा. घर राखाया कुनीतरी पायजे."

त्या दुपारी मी ताईला पत्र लिहिलं. खरं लिहिता येत नव्हतं. पत्र दाजी मोठ्यानं वाचणार, तिच्या घरचे ऐकणार, आणि माझ्या नवऱ्यानं व जावेनं मला कसं बनवलं हे तिच्या सासरी कळणार. नऊ वर्षांनी भेटीऐवजी माझ्याकडची ही बातमी तिला जावी, हे मला नको होतं. मी लिहिलं, बैलाच्या खुराला जखम झाली आहे, तो चालत नाही, आमची वाट पाहू नका. लिहिताना हात थांबला नाही. एव्हाना मला सवय झाली होती.

लग्नाहून मंडळी दहा दिवसांनी परत आली. जावेनं माझ्यासाठी मानाचं लुगडं आणलं होतं. लुगडं चांगलं होतं, काठ पक्का होता, मी ते चार वर्षं वापरलं. तिच्याशी भांडलेही नाही. एका चुलीवर अकरा वर्षं स्वयंपाक केला. फक्त माझी पत्रं मी त्यानंतर तिला वाचून दाखवली नाहीत, आणि आमच्या ह्यांनी "बघू" म्हटलं की मी ते काम सोडून देऊ लागले.

पाऊस सुरू झाल्यावर मेहकरकडचा एक व्यापारी मानवतला आला. त्याच्या हाती ताईनं पत्र आणि कापडात शिवलेला एक डबा धाडला होता. डब्यात मलम होतं, तिकडच्या जनावरांच्या दवाखान्यातलं. दाजींच्या अक्षरात लिहिलं होतं:

"ही म्हणते, खूर रोज कोमट पाण्यानं धुऊन मग मलम लावणे. बैल ओल्यात उभा करू नये. चिखलदऱ्याला हिचं मन लागलं नाही. आमची बदली कार्तिकात आहे. त्याच्या आत बैल चालू लागला तर दिवाळीला या, ही वाट पाहील. बैल कसा आहे ते मात्र लगेच कळवणे, रोज विचारते."

आमचे दोन्ही बैल गोठ्यात ठणठणीत उभे होते. दिवाळीला रब्बीची पेरणी होती, आणि पेरणीत बैल दारातून हलत नाहीत, हे ताईलाही माहीत असणार. तरी तिनं तसं लिहवलं होतं.

मी उलट टपालानं कळवलं, बैल बरा आहे. त्या पावसाळ्यात निंदणीच्या चिखलात माझ्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, तेव्हा डबा उघडला आणि मलम त्यांना लावलं. चार दिवसांत गुण आला.