चुलीत टाकलेल्या गोळ्या

माझ्या थोरल्या भावावर भर दुपारी गावच्या चौकात कोयत्याने वार झाले, तेव्हा मी आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला साड्या दाखवत होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दादाने उघडपणे एका बाजूचं काम केलं, एवढंच निमित्त. मी पळत पोचलो तोवर मारणारे मोटारसायकलींवरून पसार झाले होते. दादा रस्त्यात बसून कानामागून वाहणारं रक्त तळहाताने निपटत होता, घाम निपटावा तसं. खांद्याचं हाड उघडं पडलं होतं.

जखमा भरल्या, झोप मात्र गेली. मोटारसायकलचा आवाज आला की तो गादीवरून उठून आतल्या खोलीत जाई. छाती धडधडे, श्वास पुरत नसे. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांनी घाबरेपणावरची गोळी लिहून दिली. थोड्या दिवसांपुरतीच आहे, पुन्हा दाखवायला या, असं बजावलंही. पहिल्याच रात्री दादा घोरायला लागला आणि वहिनी उंबऱ्यात बसून सुखाने रडली.

पुन्हा दाखवायला कुणी गेलं नाही. गोळी औषधाच्या दुकानात ओळखीवर मिळत होती. एकीच्या दोन झाल्या, पुढे किती ते वहिनीलाही कळेना. कापडाचे गठ्ठे एकटा उचलणारा माझा भाऊ जिन्यावरून पडायला लागला. जीभ जड झाली. सकाळचं बोलणं दुपारी आठवेना. गोळीला उशीर झाला की हात कापायचे, ताट भिरकावलं जायचं.

अप्पा, आमचे वडील, कडक माणूस. गळ्यात इष्टलिंग, कपाळी भस्म. घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. पोरगा नशेला लागला एवढंच त्यांना दिसलं. एका सकाळी त्यांनी उशाखालच्या, कपाटातल्या, खिशातल्या सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या आणि दादाला खोलीत कोंडलं. डॉक्टरांना विचारू, असं वहिनी म्हणत होती. डॉक्टरनेच तर हे लावलं, म्हणून त्यांनी तिला गप्प केलं.

आधी नुसता आरडाओरडा होता. मग घाम, उलट्या, येरझाऱ्या. भिंतीवरून मुंग्या उतरतायत म्हणून त्याने नखांनी पोपडे ओरबाडले, बोटं फुटेपर्यंत. खोलीतच मोटारसायकली घुसल्यात, असं तो ओरडायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने दाराची कडी उखडली, दुकानात आला आणि कापड मोजायचा लोखंडी गज उचलला.

"कावून मारता बे मला? कावून?" असं विचारत तो अप्पांना मारत सुटला.

समोर बाप आहे हे त्याला दिसतच नव्हतं. अप्पांनी डोक्यावर हात धरला. तो मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मागून मिठी घातली तर त्याने माझ्या मनगटाचा लचका तोडला. शेजारची माणसं काठ्या घेऊन धावली. त्यांनी त्याला इतकं झोडपलं की त्याच्या तोंडातून रक्त आलं, तरी तो आवरेना. शेवटी आम्ही चौघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबलं, तेव्हा त्याचं अंग एकाएकी लाकडासारखं ताठ झालं. डोळे फिरले, तोंडाला फेस आला, डोकं फरशीवर आपटायला लागलं.

बाहेरचं काहीतरी आहे, आधी देवाला घेऊन चला, असं कुणी म्हणालं. वहिनीने त्याच्या डोक्याखाली कापडाचा तागा सरकवला, त्याला कुशीवर वळवलं आणि त्या माणसाकडे न बघता बोलली, "देवाला मागून जाऊ. आधी दवाखाना."

दवाखान्यात पोचताच त्याला पुन्हा फिट आली. काय घेत होता, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारताच वहिनीने कमरेला खोचलेली गोळ्यांची रिकामी स्ट्रिप पुढे केली. त्यांनी इंजेक्शन दिलं. दादाचं अंग हळूहळू सैल पडलं. काय दिलं, मी विचारलं. त्याच जातीचं औषध, ते म्हणाले. बेंझोडायझेपिन.

माझं डोकंच फिरलं. ज्याने घर पेटवलं तेच परत?

"औषध वाईट न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "फिट थांबवायला, घाबरेपणाला, ऑपरेशनच्या आधी आम्ही रोज वापरतो. पण रोज घेतलं की मेंदू त्याच्यावरच टेकून उभा राहतो. तुमी टेकूच एकदम काढला. यात माणूस मरतो."

शुद्धीवर आल्यावर दादाला काहीच आठवत नव्हतं. आपलं तोंड कुणी फोडलं हेही ठाऊक नव्हतं. प्लास्टर घातलेले अप्पा खाटेशी आले, तेव्हा त्याने मला विचारलं, "हे मी केलं?"

मी हो म्हणालो. अप्पा खाली बघत म्हणाले, "गोळ्या मी जाळल्या. तुला इचारलं न्हाई, कुणालाच इचारलं न्हाई."

त्यानंतर दोघं कधी त्यावर बोलले नाहीत.

मग वर्षाहून जास्त काळ गोळी कमी करण्यात गेला. डॉक्टर सांगतील तसा पाव तुकडा कमी करायचा, अंग सावरेपर्यंत थांबायचं. गोळ्या वहिनीच्या ताब्यात. मधे दोनदा त्याने गोळीसाठी तिचा गळा धरला आणि दोन्ही वेळा स्वतःच सोडला. एकदा कमी करणं झेपेना म्हणून गोळी पुन्हा वाढवावी लागली; त्या दिवशी तो ढसाढसा रडला.

आता गोळी बंद आहे. झोप तुटक लागते, खांदा दुखतो. वहिनी मात्र अजून त्याच्याकडे पाठ करून निजत नाही.