ओल्या भिंतीतली वीज

पन्नासच्या दशकात पिंपरीत कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एकात माझ्या यजमानांना नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याकडून चिंचवडला आलो. नदीजवळ एका शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. घरमालकिणीला मी मामी म्हणायची. घरात वीज नुकतीच आली होती. दोन्ही बिऱ्हाडांत मिळून तीन बल्ब.

त्या श्रावणात पवनेचं पाणी घरात शिरलं. दोन दिवस आम्ही वरच्या शाळेत काढले. परतलो तेव्हा पोटरीइतका गाळ होता आणि भिंतीवर पाण्याची रेघ पार बटणांच्या वर गेली होती.

गाळ उपसत होतो, तेवढ्यात खाकी कपड्यातला एक माणूस पिशवी घेऊन आला. वीज कंपनीचा वायरमन आहे म्हणाला. मेन स्विच बंद केला, त्यातले चिनी मातीचे दोन्ही फ्यूज उपसले आणि सरळ पिशवीत टाकले. भिंती वाळल्यावर, चार दिवसांनी येतो, तोवर कुणी हात लावू नका, असं सांगितलं. मग जाता जाता त्याने विचारलं, घरातले पुरुष किती वाजता असतात?

तो प्रश्न मला खटकला. पुरानंतर उघड्या पडलेल्या घरांतून भांडी चोरीला जात होती. मामींनाही संशय आला.

"त्याच्याकडं कागद हाय का? न्हाई. मंग आपली वस्तू त्यानं पिशवीत का घातली?"

मला ते पटलं. हे ड्यूटीवरून आल्यावर मी सगळं सांगितलं, जरा वाढवूनच सांगितलं. तो पाळत ठेवायला आला असणार, फ्यूज बाजारात विकणार, असंही मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी यांनी कारखान्यातला एक मित्र पाठवला. मशीनवर काम करणारा तो माणूस, घरातल्या विजेचं त्याला फारसं ठाऊक नव्हतं. त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार अडकवली आणि मेन चढवला. बल्ब लागला. तो खुशीत निघून गेला आणि मीही त्या वायरमनला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले.

तासाभराने मामी ओली गोधडी वाळत घालायला गेल्या. वाळवणाची लोखंडी तार भिंतीतल्या खिळ्याला बांधलेली होती. काहीतरी पडल्याचा नाही, घशात अडकल्यासारखा आवाज आला. मी बाहेर पाहिलं तर मामींची मूठ तारेवर आवळलेली, अंग थरथरतंय, डोळे उघडेच. मी धावले, पण त्यांना हात लावायच्या आधी थबकले. यांनी एकदा सांगितलं होतं, चिकटलेल्या माणसाला धरायचं नाही. मी आत पळाले, चुलीशेजारचं वाळकं लाकूड उचललं आणि मेनचा दांडा खाली पाडला. मामी गोधडीसकट कोसळल्या. जीव वाचला, पण उजवा तळवा भाजला होता.

चौथ्या दिवशी वायरमन आला, पिशवीत आमचे फ्यूज घेऊन. तांब्याची तार बघून त्याने विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणाले, "आम्हीच केलं. तुमच्यावर भरवसा नव्हता."

तो चिडला नाही. "पुरुष कधी असतात म्हणून विचारलं होतं बाई. बहुतेक घरांत वीज चालू करायची घाई तेच करतात. त्यांना समोर बसवून सांगणार होतो."

त्याने ओला बोर्ड काढला, भिंतीतली वायर ओढून बदलली, खिळ्याजवळ सोललेला तुकडा मला दाखवला. मी अख्खी दुपार त्याच्या पाठीशी उभी राहून प्रत्येक गोष्ट विचारत होते. विश्वास बसला होता म्हणून नव्हे. आता माझा स्वतःवरच बसत नव्हता. संध्याकाळी बल्ब लागला, पण मामी ओसरीतून आत यायला तयार होईनात.

दिवाळीपर्यंत त्यांना उजव्या हाताने कळशी उचलता आली नाही. त्यांचं पाणी मीच भरलं. त्या नको म्हणायच्या, मी ऐकत नसे.